आधी ऊन पाणी, मग विसण

माय, मी न्हाणीघरात बसून हे लिहिते आहे. हसू नकोस. पालथ्या घातलेल्या बादलीवर बसले आहे, मांडीवर नातवाची जुनी वही आहे आणि समोर भरलेला टब आहे. पांढराशुभ्र, लांबच लांब, माझ्या लेकीनं माझ्या गुडघ्यांसाठी खास बसवून घेतलेला. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास कोमट पाण्यात बसा, सांधे मोकळे होतील. आज चौथा दिवस. पहिल्या दिवशी मी त्यात बसले आणि दोन मिनिटांत उठले, म्हटलं गॅस चालू राहिला वाटतं. दुसऱ्या दिवशी दारावरची बेल वाजल्यासारखी वाटली. काल तर पायसुद्धा घातला नाही, बाहेर आवाज जावा म्हणून हातानंच पाणी खळबळवलं. लेक बाहेरून विचारते, "आई, बसलीस ना गं?" आणि मी म्हणते, "बसले बाई, बसले." साठी उलटली तरी मला एका जागी बूड टेकवता येत नाही. तू म्हणायचीस ना, या पोरीच्या पायाले भवरा हाय. पण खरं कारण भवरा नाही. टबात टेकले की मला जीपचा आवाज येतो. बंगल्यावरच्या त्या दिवशीची जीप. तिच्याबद्दल तुला एक गोष्ट सांगायची आहे, आणि चाळीसच्या वर वर्षं झाली तरी सांगायची राहूनच जाते आहे.

टब हा शब्द तू कधी तोंडात घेतला नाहीस. तू त्याला डोणी म्हणायचीस. विहिरीपाशी ढोरांना पाणी पाजायला दगडाची डोणी असते, तशी ही साहेबाची. "साहेब येऊन राह्यले, डोनी भरा लागते," असं म्हणत तू पदर खोचायचीस. आंजी आणि आर्वीच्या मधलं ते सरकारी विश्रामगृह. सगळे त्याला बंगलाच म्हणायचे. बाबा तिथले चौकीदार आणि मागच्या दोन खोल्यांत आपण. नोकरी बाबांची, पण पाणी तुझं. बाबा प्रत्येक नव्या साहेबाला त्या टबाची कहाणी सांगायचे. बोटीनं विलायतेहून मुंबईला आला, मुंबईहून रेल्वेनं पुलगावला, पुलगावहून आर्वीच्या छोट्या गाडीत बसला आणि तिथून कडब्यावर निजवून बैलबंडीनं बंगल्यावर. जसा काही जावईच आणला वाजतगाजत! चार पाय होते त्याला, वाघाच्या पंजांचे. त्यातला एक तुटलेला, तिथे विटेचा तुकडा. बाबा म्हणायचे, गोऱ्या साहेबाची मडम ह्याच्यात तासभर निजून पुस्तक वाचायची. तू दरवेळी तोच प्रश्न विचारायचीस, "पान्यात निजून? अन् पुस्तक भिजत नसन?"

मला ते सगळे साहेब आठवतात. आपण मागच्या बाजूला चुलीपाशी बसायचो आणि भिंतीपलीकडे साहेब पाण्यात. एक इंजिनीयर होता, तो असा बेसूर गायचा की बाबा तोंडाला उपरणं लावायचे. एक जण आत झोपून जायचा. त्याचं घोरणं ऐकू आलं की तू मुद्दाम भांडं आपटायचीस, बुडून मेला तर आपल्या गळ्यात यायचं म्हणून. एक फार सोवळे होते. ते टबाच्या शेजारी उभं राहून बादलीनंच आंघोळ करत. आपल्याच मळात काय बसून राहायचं, छे छे! आणि एकानं तर त्यात पाणी भरून आंबे निववायला टाकले नि स्वतः विहिरीवर जाऊन आंघोळ केली. पण बाकीचे सगळे निजायचे. दौऱ्याहून यायचे तेव्हा अंगावर धूळ, कपाळाला आठ्या, तोंडात शिव्या. तासाभरानं बाहेर यायचे तेव्हा चेहरा कसा मऊ पडलेला असायचा. तू एकदा भाकरी थापता थापता म्हणालीस, "माणूस आत जाते तवा साहेब असते, अन् बाहीर येते तवा लेकरावानी दिसते. काय असन वं त्या पान्यात?" पाणी तर तूच टाकलेलं होतंस. चौदा गुंड, लेकीच्या भाषेत घागरी, सहा कढत आणि आठ थंड, विहिरीवरून आणि चुलीवरून, डोक्यावर आणि कमरेवर. तरी मला विचारत होतीस.

पाणी टाकायची तुझी रीत ठरलेली होती. आधी ऊन पाणी ओतायचं, मग त्यात थंड पाणी घालून ते निववायचं. त्या थंड पाण्याला इसन म्हणायचं. माझी लेक विसण हा शब्द ऐकून हसते. तिच्या नळातून गरम आणि थंड एकदमच येतं, मग कुठलं आधी नि कुठलं मग? तू मात्र कोपर बुडवून बघायचीस, ओठ मुडपून विचार करायचीस आणि म्हणायचीस, "अजून अर्धा गुंड इसन." उलटं कधी नाही. आधी थंड आणि त्यावर ऊन, हे फक्त मेलेल्याच्या आंघोळीला. लहानपणी मी एकदा परातीत बाहुलीला आंघोळ घालताना उलटं केलं तर तू माझ्या हातावर फटका मारलास. आणि एकदा, मी आठ-नऊ वर्षांची असेन, रिकाम्या टबात जाऊन आडवी झाले होते, तेव्हा कान धरून बाहेर काढलंस. "ते आपली जागा नाई," म्हणालीस. कान दोन दिवस दुखत होता. तेव्हा तुझा फार राग आला होता मला.

आता त्या दिवसाकडे येते. इकडेतिकडे किती वेळ करू, पाणी निवत चाललंय. होळी झाली होती, मी वर्ध्याला होस्टेलात राहून बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते आणि सुटीला आले होते. परत जायचं ते साडेतीनच्या एसटीनं. ती चुकली तर होस्टेलचं गेट गाठता येणार नव्हतं. बंगल्याची दुरुस्ती निघाली होती, भिंतीला फरशा लागणार, डोक्यावरून पाणी पडणारा फवारा बसणार आणि दुसऱ्या दिवशी ठेकेदाराची माणसं येऊन टब उचलून नेणार होती. बाबा आर्वीला गेले होते. साहेब कोणी उतरलेला नव्हता. तू चुलीपाशी माझ्या डब्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटते आहेस. माझ्याकडे बघत नाहीस, खलबत्त्याकडेच बघून बोलतेस.

"एक सांगू का वं? हसशीन नाई ना?"

"सांग ना."

"डोनी उद्या नेऊन राह्यले. मले एकडाव बसू दे त्याच्यात. पानी तू टाक."

मी हसलेच. पण वाईट नाही हसले, खरंच सांगते. मला इतका आनंद झाला की मी उठून तुझ्या हातातला बत्ता काढून घेतला. म्हटलं, चल, आज तू मडम! तू लाजून पदर तोंडाला लावलास. मग मी कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवल्या, चुलीवर दोन्ही हंडे चढवले आणि पाणी तापेपर्यंत वेळ कशाला घालवा म्हणून विहिरीवरून थंड पाणी ओढून टबात टाकायला लागले. आठ गुंड टाकले. घामानं अंग निथळत होतं. तू आत आलीस, टबात डोकावलीस आणि कपाळावर हातच मारलास. "अवं माय वं! उलटं काऊन करून राह्यली? मी मेली का काय?" मी म्हटलं, पाणी ते पाणी, काय फरक पडतो. पण तू बूच उपटलंसच. आठच्या आठ गुंड घळघळ मोरीतून गेले आणि मागच्या केळीला लागले. मी नुसती बघत राहिले. घड्याळात दोन वाजून गेले होते. माझं डोकं तिथेच फिरलं. आधी कढत पाणी टाकलं, मग पुन्हा विहिरीवर गेले, पुन्हा ओढलं, पुन्हा ओतलं. तू कोपर बुडवून बघितलंस आणि म्हणालीस, "हां. आता झालं."

तू लुगड्यासकट बसलीस. आधी काठ धरून नुसती उकिडवी, अंग चोरून, जशी एसटीत तिसरी सीट मिळालेली बाई बसते तशी. मी म्हटलं, पाय लांब कर. तू पाय लांब केलेस. तुझं लुगडं पाण्यावर फुगलं आणि तू ते दोन्ही हातांनी दाबायला लागलीस, ते दुसरीकडून फुगायला लागलं, आणि आपण दोघी खो खो हसलो. मग तू मान मागे टेकवलीस. डोळे मिटलेस. तुझ्या टाचांच्या भेगा पाण्यात पांढऱ्या दिसत होत्या. तुझ्या तोंडून एक आवाज निघाला, हुश्श नाही, आई गं नाही, कसलातरी आतून आलेला. तुझा तसला आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. आत्ता लिहितानाही ऐकू येतो आहे.

आणि मग तुला मस्ती आली. डोळे मिटूनच तू साहेबाचा आवाज काढलास, अगदी त्या घोरणाऱ्याचा. "ए बाई! गरम पानी लाओ! जल्दी!" मी हसत हसत एक गुंड आणून टाकला. तू म्हणालीस, "वाहवा. अब पीठ रगडो." मी पाठ चोळली. थोड्या वेळानं परत, "बाई! पानी थंडा हो गया!" मी परत गेले. धूर डोळ्यांत गेला, कढत पाणी पावलावर सांडलं. परत आले तर तू म्हणालीस, "अजून एक, बेटा. लय दिवसाची थंडी हाय आंगात." हे तू साहेबाच्या आवाजात नाही म्हणालीस, तुझ्याच आवाजात म्हणालीस. आणि माय, मला राग आला. नुसता राग नाही, संताप. मी काय तुझी मोलकरीण आहे? मी कॉलेजात शिकते, माझी एसटी आहे, माझ्या पावलावर फोड येतोय आणि ही बाई लोळते आहे! जे तू वीस वर्षं रोज करत होतीस ते मला तीन खेपांत डोईजड झालं. सव्वातीन होत आले होते. मी गुंड घेऊन चुलीपर्यंत गेले, तो खाली ठेवला आणि तिथूनच ओरडले, "माय! जीप! जीप येऊन राह्यली!"

तू अशी उठलीस की अर्धं पाणी बाहेर सांडलं. मी धावत आत आले तेव्हा तू एक पाय बाहेर टाकत होतीस, लुगडं पायात गुंतलेलं, आणि तुझा गुडघा काठावर असा आदळला की मला तो आवाज ऐकू आला. बूच उपटलंस, कोनाड्यातून राख घेतलीस आणि टब घासायला बसलीस. ओल्या लुगड्यानं, थरथरत. "पान्याचा डाग राह्यला तं साहेबाले समजन. तू भाईर पाह्यजो, त्याईले वरांड्यात बसव." मी व्हरांड्यात गेले. तिथे कोण होतं? कोणी नाही. रस्त्यावरून एक बैलबंडी चालली होती. मी खांबाला टेकून उभी राहिले आणि आतून तुझ्या घासण्याचा आवाज येत राहिला, खसखस, खसखस. मी तेव्हा आत येऊन सांगू शकले असते. बस माय, गंमत केली, बस परत. पाणी अजून सगळं गेलं नसतं. नाही सांगितलं. आता माघार कशी घ्यायची, असं वाटलं असेल. पोरवय होतं म्हणावं तर एकोणीस वर्षांची घोडी होते मी.

तू मला सोडायला रस्त्यापर्यंत आलीस. कोरडं लुगडं नेसून, केस ओलेच, लंगडत. हातात माझा डबा. अंगणातून जाताना तू थांबलीस. अंगण तू सकाळीच झाडलं होतंस, खराट्याच्या रेघा अजून जशाच्या तशा होत्या, आणि त्यावर आपल्या दोघींच्या पावलांशिवाय काही नव्हतं. ना चाकाची खूण, ना बुटाची. तू खाली बघितलंस, फाटकाकडे बघितलंस.

"जीप गेली वाटते," तू म्हणालीस.

"हाव. फाटकातूनच वळली."

"बरं झालं. तुयी एसटी चुकली असती."

बस. एवढंच बोललीस. एसटी आली तेव्हा डबा खिडकीतून दिलास आणि म्हणालीस, "पोचली का कार्ड टाकजो." मी कार्ड टाकलं. सुखरूप पोचले, चटणी छान झाली होती. जीपबद्दल लिहिलं नाही. लिहिणार कसं? तुला वाचता येत नव्हतं, कार्ड बाबांनी मोठ्यानं वाचून दाखवलं असतं आणि बाबांना तू टबात बसल्याचंच ठाऊक नव्हतं. म्हटलं, उन्हाळ्यात घरी जाईन तेव्हा तोंडानंच सांगीन. उन्हाळ्यात गेले तर तुझ्याभोवती पापडाला आलेल्या बाया. दिवाळीत गेले तर तुझा खोकला. तू लंगडत होतीस तेव्हाही, थोडीशी. टबाच्या जागी फरशा आल्या होत्या आणि साहेब लोक दहा मिनिटांत फवाऱ्याखालून बाहेर येत होते. तू म्हणालीस, "आता पानी भरा नाई लागत, बरं झालं." आणि थोडं थांबून म्हणालीस, "पन मजा होती वं त्याच्यात." माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी उठून चहा टाकायला गेले.

पौषात तू गेलीस. खोकल्याचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं. मला वर्ध्याहून बोलावून आणलं तेव्हा तुला अंगणात पाटावर बसवलं होतं, मागून दोघी बायांनी धरलं होतं. मावशी मला म्हणाली, "पोरी, तू टाक पानी. आंधी थंडं, मंग गरम." मी गुंड उचलला तो कढत पाण्याचा. आधी बादलीत ऊन पाणी ओतलं. मग विसण घातलं. कोपर बुडवून बघितलं. बाया कुजबुजायला लागल्या, मावशी म्हणाली, "अवं उलटं करून राह्यली, जित्याची आंघोय हाय का थे?" मी ऐकलं नाही. तुझ्या खांद्यावर हळूहळू पाणी टाकत राहिले. एक बादली झाली, दुसरी केली. कोणीतरी म्हणालं, बस झालं आता, माणसं खोळंबली. मी म्हटलं, थांबा, तिला अजून एक पाहिजे. तुझ्या गुडघ्यावर एक जुना काळसर डाग होता, त्यावरून मी हात फिरवला.

तेरवी झाल्यावर मी बाबांना हळूच विचारलं, होळीच्या सुटीत तुम्ही आर्वीला गेला होता त्या दिवशी जीप आली होती, माय काही बोलली का? बाबा म्हणाले, "कोनती जीप? मी आल्या आल्या इचारलं होतं, कोनी आल्तं का. तुयी माय म्हने, दिवसभर चिटपाखरू नाई आलं." म्हणजे तुला माहीत होतं. त्याच दिवशी, अंगणातच कळलं होतं तुला, आणि तरी तू लंगडत माझा डबा घेऊन रस्त्यापर्यंत आलीस. एक शिवी तरी द्यायची होतीस, माय. कान तरी धरायचा होतास. रिकाम्या टबात बसले तेव्हा धरलास आणि याला नाही धरलास?

लेक पुन्हा दार वाजवते आहे. "आई, पाणी थंड झालं असेल, गरम सोडू का थोडं?" बघ, ही न मागता विचारते. मी आत्ता उठणार आहे, बूच काढून हे सगळं सोडून देणार आहे आणि नव्यानं भरणार आहे. आधी नुसता गरम नळ सोडीन, मग थंड. आणि यावेळी बसणार आहे, जीप येवो की जीपचा बाप येवो. ही पानं कुठे धाडायची? फाडून टाकीन नाहीतर वहीतच राहतील. पण त्याआधी वर लिहिलेलं एक दुरुस्त करते. साडेतीनची चुकली तर होस्टेलचं गेट गाठता येणार नव्हतं, असं मी म्हटलं ना, तेही खोटं. गेट सातला बंद व्हायचं. पाचची एसटी होती, माय. मला माहीत होतं.